दाराची जागा

यात्रा उठली त्याच्या तिसऱ्या दिवशी
आम्ही पाइप वाकवायला घेतले.
सारंगखेड्याच्या पुलावरून अजून
न विकले गेलेले घोडे परत चालले होते,
आणि हिलाल आप्पा लिंबाच्या खोडाला दोन खुंट्या ठोकून
त्यांच्यामध्ये नळी अडकवत म्हणाला,
एकदम नको. वीत-वीत.
घाई केली की नळी वाकत नाही, चेपते.

सतरा कमानी झाल्या.
अठरावी चेपली, ती गोठ्यात उभी आहे,
तिच्यावर टॉवेल वाळतात.

एका टोकाला उभं राहून एक डोळा मिटला
की सगळ्या कमानी एकीत एक शिरायच्या,
फक्त सातवी जरा बाहेर डोकवायची,
वर्गात मान वळवणाऱ्या पोरासारखी.
राहू दे, मी म्हटलं.
आप्पाने ती रात्री बॅटरी लावून सरळ केली.

जिथे लोखंड लागेल प्लास्टिकला
तिथे सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या.
ठिबकच्या जुन्या नळ्या उभ्या चिरून
त्यांचे चिमटे केले, तीनशे.
रेलसिंगचा अंगठा सोलला,
त्यावर हळद दाबून तो पुन्हा चिरत बसला.

प्लास्टिक कधी ओढायचं, यावर दोन दिवस गेले.
मी म्हणे पहाटे, वारा निजलेला असतो.
आप्पा म्हणे, गारठ्यात ते आखडतं.
आखडलेलं ताणशील, उन्हात लोंबेल,
लोंबलं की फडफडेल, फडफडलं की गेलं.
मागच्या साली असंच एक
तापीपलीकडच्या बाभळीवर जाऊन बसलं होतं,
होळीपर्यंत चमकत होतं,
येणारा-जाणारा सांगायचा, ताई, तुमचं दिसलं.

शेवटी साडेदहा ठरले.
ऊन चढलेलं, सातपुड्याकडून चिटपाखरू नाही.
चौघं इकडून, तिघं तिकडून, मध्ये दोर,
आणि ते कमानींवर चढलं
दूध वर येतं तसं.
चिमटे दाबले. कडा चरात सोडल्या,
वर माती, मातीवर पाय.
यात्रेतल्या पाळणेवाल्याकडून शिकलेली गाठ,
ओढाल तेवढी आवळणारी,
मी शेवटच्या खुंटीला मारली
आणि हात झटकून विचारलं,
आप्पा कुठंय?

आप्पा आत होता.
मधल्या कमानीचा नट आवळायला गेलेला
आणि आम्ही सात जणांनी मिळून त्याला
नीट, पक्कं, वाऱ्यालाही सुटणार नाही असं
बांधून टाकलं होतं.

दार ठेवायचं राहिलं होतं.

धुरकट पांढऱ्यामागे एक सावली,
मग एक तळवा, पाची बोटं फाकलेली.
"अरे मी मझार शे! माले बाहेर काढा!"
माठातून यावा तसा आवाज.
रेलसिंग हसत हसत मातीवरच बसला.

मी विळा घेतला
आणि, खरं सांगते, थांबले.
दोनशे मायक्रॉनचं, किलोवर मोजून घेतलेलं,
सकाळपासून कुणाचं नख लागू दिलं नव्हतं.
चर पुन्हा उकरायला किती वेळ, याचा हिशेब केला.
मग गाठीकडे बघितलं. ती ऐकणारी नव्हती.
तळवा हळूहळू खाली घसरत होता.

टोक खुपसलं, ओढलं.
नवं लुगडं फाटावं तसा आवाज.
आधी वाफ बाहेर आली, मग निथळता आप्पा,
दातांत नट धरलेला.
पाणी मागितलं नाही त्याने.
वळून चिरेकडे बघितलं,
एक डोळा मिटून, खालपासून वरपर्यंत,
नट थुंकला आणि म्हणाला,
"दारनी जागा बरी शे."

आता तिथे दोन्ही कडांना रबर आहे, एक दोरी आहे.
आत पपईची चार हजार रोपं,
दोन पानांवर आलेली.
पहाटे प्लास्टिकला आतून थेंब धरतात,
एका जागी मात्र धरत नाहीत,
तेवढाच पंजा कोरडा राहतो.

रात्री वारा सुटला की मी उठते.
कडा चाचपते, माती पायाने दाबते,
आणि दोरी बांधण्याआधी
आत तोंड घालून एकदा विचारते,
मझार कोन शे?

कुणी बोलत नाही.
मग गाठ मारते. सुरगाठ.