वास : उग्र

एकतीस वर्षं मी दारूचा वास घेतला
सरकारी खर्चाने.
सील तोडायचं, बूच काढायचं,
हाताने वारा घालून वाफ नाकाकडे ओढायची,
मग रजिस्टरच्या सहाव्या रकान्यात एक शब्द.
तिथे जागाच एका शब्दाची होती :
उग्र. सौम्य.
किंवा, मोठे साहेब रजेवर असले तर, विचित्र.

आज त्रिमूर्तीनगरच्या गच्चीवर
डिसेंबरची थंडी कानात शिरते आहे
आणि पुतण्या पराग चार ग्लास मांडतो,
तोंड आवळलेले, पोट सुटलेले,
थेट रहाटेंसारखे, असं दुपारे म्हणतो,
तशी रहाटे शाल ओढून घेतात पोटावरून.
"काका, घाई नको. आधी नाक, मग जीभ.
मग सांगा काय काय सापडतं."
सापडतं! आमच्या खात्यात हा शब्द
धाडीसाठी होता.

पहिला.
दुपारे म्हणतो, "दारूचाच तं वास येऊन राह्यला."
रहाटे म्हणतात व्हॅनिला, कारण खोक्यावर तसं छापलंय.
मी ग्लास कलता धरतो :
कळमन्याच्या बाजारात उशिरा पोचावं,
माल उचलून गेलेला, मागे वाळलं गवत,
गवताला सालीचं तेल,
आणि तळाशी कुठेतरी एकच संत्रं, नासायला लागलेलं.
पराग वहीत लिहितो "सिट्रस".
मी त्याला ते खोडायला लावतो.

दुसरा सरळ इतवारीतला.
मनुका, जायफळ, तागाचं पोतं,
गल्ल्यावर बसणाऱ्याच्या चामडी पाकिटाची ऊब.
जिभेवर मात्र सुंठ,
उशिरा आलेल्या पाहुण्यासारखी, जाता जात नाही.

तिसरा येतो तेव्हा रहाटे ग्लास हातभर लांब धरतात.
"हे तं मेयोचं कॅज्युअल्टी झालं!"
खरंच : टिंक्चर, फिनेल, ओला कापूस.
पण पाण्याचे चार थेंब टाकले
की फिनेलमागून धूर येतो,
धुळवडीच्या सकाळी पाणी ओतलेल्या होळीचा,
आणि धुराच्याही आत
राखेतल्या वांग्याची करपली साल.
तिकडे म्हणे दलदलीची माती जाळून जव सुकवतात.
रहाटेंची सगळी नोकरी कोळशात गेली.
"माती जाळतात?" एवढंच विचारतात
आणि ग्लास परत जवळ घेतात.

मधे नाक थकतं. तेव्हा स्वतःची बाही हुंगायची.
हे मला प्रयोगशाळेचा शिपाई ढेंगरे याने शिकवलं :
"आपला वास घ्या साहेब, मंग बाकीचे वेगळे होतात."

चौथा.
यात काही विशेष नाही, पराग आधीच सांगतो,
स्वस्तातला आहे, तुलनेसाठी.
मी नाक नेतो आणि काढत नाही.

मोह.
आत मोह नाही, जवच आहे, मला ठाऊक आहे.
पण ही पहाटे गळलेली फुलं, दव धरून पडलेली,
चढत्या उन्हात मऊ झालेली,
गोड, आणि गोडाखाली
जनावराच्या अंगासारखं काहीतरी गरम.

नमुना क्रमांक दोनशे चौदा.
देवलापारकडून आलेला, खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत.
चिठ्ठीवर : जनकाबाई मरसकोल्हे, वय अंदाजे साठ, अंगठा.
ती बाटली मी दोनदा हुंगली.
नियमात एकदाच होतं.
ढेंगरे दाराकडे तोंड करून उभा राहिला.
इतकं निर्मळ, इतकं नेमकं काही
त्या टेबलावर आधी आलं नव्हतं, नंतरही नाही.
पेन सहाव्या रकान्यावर थांबलं.
मग लिहिलं : उग्र.
खाली सही, तारीख, शिक्का.
पुढे तिचं काय झालं, विचारलं नाही.
निकाल आमच्याकडे परत येत नसत.

"काका, काय सापडलं?"
दुपारे शेंगा फोडतो आहे.
खाली कुणीतरी स्कूटर फाटकात घालायला धडपडतंय.
मी वही मागून घेतो.
चौथ्यासाठी अख्खं पान सोडलेलं,
रकाना नाही, रेघासुद्धा नाहीत.
बाही हुंगतो
आणि लिहायला लागतो, आधी नाव,
मग गाव, मग झाड.

पान उलटल्याचा आवाज ऐकून
दुपारे मान वर करतो :
"अबे, एका पेगवर
इतकं काय लिहून राह्यला बाप्पा?"