सव्विसावी फेरी

अशोक चौकातला पत्रा साडेअकरालाच तापलाय.
आत एसी आहे, तो यंत्रासाठी.

येमूलांची श्रीजा आ करत नाही.
आईच्या बोटांना तंबाखूचा वास,
त्याच बोटांनी ती लेकीचं कपाळ धरून बसलेली.
"नोरु तेरू, अम्मा," मी म्हणते.
मराठीत मिटलेलं तोंड तेलुगूत उघडतं.
घसा लालभडक, वर ज्वारीच्या पिठाचे ठिपके.
जिभेला, गालाला न शिवता
काडी दोन्ही टॉन्सिलवर फिरवायची,
मागच्या भिंतीवर एकदा,
आणि ओकारी यायच्या आत बाहेर.

पूर्वी मेंढीच्या रक्ताच्या थाळीवर पसरायचो,
दोन दिवस वाट बघायची.
दोन दिवसांत आया विड्या वळायला परत जायच्या.
खणात रिपोर्ट तसेच,
घड्या न मोडलेले.

आता पंच्याण्णव अंश: पीळ सुटतो.
साठ: प्रायमर आपली जागा हुडकून बसतो.
बहात्तर: एकाचे दोन.
पुन्हा पंच्याण्णव.
आमचे अप्पा असते तर म्हणाले असते,
एवढ्या वेगानं कुठला माग चालतो गं?

वीज जाते. यूपीएस किंचाळतो.
यंत्राला पत्ताच नाही.

राजमणीचा घसा कुणी पाहिला नव्हता.
मिठाच्या गुळण्या, गळ्याला फडकं,
बरंही वाटलं तिला.
तिसऱ्या आठवड्यात गुडघे सुजले,
पुढच्या वर्षी जिन्यात दम.
डॉक्टर म्हणाले, झडप खराब झाली.
मी सहा वर्षांची. मला वाटलं, घारीची.

कोऱ्या पाण्याची नळी सपाट, तशीच हवी.
श्रीजाची रेघ पंचवीस फेऱ्या आडवी पडून
सव्विसाव्या फेरीला उठते.

यंत्राला एक कळत नाही,
जंतू जिवंत होता की मेलेला.
दोघांची रेघ सारखीच चढते.
म्हणून रिपोर्टच्या तळाशी मी टाइप करते:
निष्कर्ष रुग्णाच्या लक्षणांसोबत पाहावा.
रोज करते.
रोज त्या ओळीवर हात जरा अडतो.

बाहेर बाकावर दोघी. पोर झोपलेली.
डॉक्टरांची चिठ्ठी मी वाचून दाखवते.
तिसऱ्या दिवशी खेळायला लागेल, तरी गोळ्या दहा दिवस.
पदी रोजुलु. समजलं?

ती दोन्ही पंजे उघडून माझ्यासमोर धरते.
मी बोटं मोजते.
एकही दुमडलेलं नाही.