दीड हात

वांदरं आली म्हणून कवतिकानं आतून बटन दाबलं.
दिवाळीपासून वरच गुंडाळून बसलेलं शटर
कुरकुरत खाली निघालं
आणि जमिनीपासून दीड हातावर थांबलं.
मी बाहेर पायरीवर, हातात दुधाची किटली.
मला तिची जोडवी दिसत होती,
तिला माझ्या चपला.

निकेशनं पुण्याहून पैसे पाठवून बसवलं हे.
वांदरांसाठीच.
दीड हात त्यांना भरपूर होतो.

"दाबा नं रिमोट."
दाबला. वर डब्यात मोटर घूं करते,
कट् म्हणते, गप्प.
"सेल गेला असन."
सेल गेला असता तर घूं कोण करतं, मी म्हणालो,
पण तोवर गजराच्या घड्याळातला सेल काढून
तिनं फटीतून सरकवला होता.
घातला. घूं. कट्.

मग होल्टेज.
हरभऱ्याचं ओलित सुरू, शिवारभर मोटरी पाणी ओढताहेत.
तिनं पंखा लावून पाहिला.
"फिरते. पण सासरी चालल्यावानी."
काटा दोनशे दहावर. होल्टेजचा दोष नाही.

"हाताचं हँडल कुठाय?"
"तो वाकडा दांडा? त्याले कांद्याची माळ टांगली मी."
माळ उतरली, स्टूल सरकलं,
जोडवीही दिसेनाशी झाली.
"खाली फिरत नाही. वरही नाही."
वीज नाही, मोटर नाही.
काहीतरी मधेच अडलं होतं.

मागच्या दारानं जाता आलं असतं,
पण ती वाट ठावरीच्या अंगणातून,
आणि ठावरीशी दोन वर्षं बोलणं बंद, एका धुऱ्यावरून.
सरपटत जावं तर गुडघा नवा,
तो वाकतो, पण आधी विचारून.

वणीच्या तुफैल मिस्त्रीला फोन लावला.
"किती खेपा दाबलं?"
मी मोजलं नव्हतं.
आतून आवाज आला, "अकरा."
"मंग तापली ते. अर्धा घंटा हात लावू नका.
थंडी झाली का आपोआप मानते."

किटली खालून आत गेली, चहा खालून बाहेर आला.
ती आत फरशीवर बसली, मी पायरीवर.
आता तिचा हात दिसत होता कोपरापर्यंत,
मनगटाशी भाजल्याचा जुना डाग.
"हा कधीचा गं?"
"निकेश पोटात होता तवाचा.
तुमीच तं नेलं होतं सायकलवर दवाखान्यात."
मला आठवेना.
मी हो म्हणालो.

बराच वेळ कोणी काही बोललं नाही.
मग ती म्हणाली, "माशी."
"कुठं?"
"पट्टीच्या खाचीत. तोंडात चिखल हाये तिच्या."

कुंभारीण.
महिनाभर रिकामी खाच पाहून
तिनं तिथं घर लिंपलं होतं, बोटभर लांब, विटेसारखं टणक,
आणि शटरचं एक टोक त्यावर तिरपं होऊन रुतलेलं.
स्टुलावरून दिसलं नसतं हे.
त्यासाठी जमिनीवर बसावं लागतं.

तिनं उलथणं आणलं.
"आत अळ्या हायेत हिरव्या. जित्या."
"मोड."
तिनं मोडलं नाही.
ढेकूळ अख्खं सोडवलं,
उलथण्यावर घेऊन फटीतून माझ्यापुढं केलं.
"ठेवा कुठंतरी."
मी इकडंतिकडं पाहिलं
आणि ठावरीच्या भिंतीवर ठेवलं.

माशी परत आली, चिखल घेऊन,
खाचीपाशी घिरट्या घालत राहिली.
भिंतीकडं गेली नाही.

अर्धा घंटा झाला.
बारावी खेप. घूं,
आणि कट् नाही.
लुगड्याचा काठ, डाग, कोपर, खांदा,
मग ती, हातात उलथणं धरून.
"दूध ऊन लागून नासलं असन," ती म्हणाली.
नासलं नव्हतं.

सेल अजून रिमोटमध्येच आहे.
गजराचं घड्याळ सव्वाचारवर थांबलंय.
आम्ही उठतो आपापले.