बारा मिलिमीटर

लाऊथ गावातून शून्य रेखांश जातो.
नेव्हिलचं गॅरेज त्याच्या जरासं पश्चिमेला,
म्हणून मी जन्मभर थोडा मागे, असं तो म्हणतो
आणि किटली लावतो.

फेब्रुवारी. पत्र्याच्या दाराखालून वारा.
स्टँडवर त्याची शहात्तरची होंडा,
पुढचं चाक काढलेलं,
दोन्ही शॉकअप बाकावर आडवे.
उलटे धरले तसं तेल आलं,
राखाडी, दाट, वास थेट सुकट भिजत घातल्याचा.
मला एकदम भूक लागली. त्याला सांगितलं नाही.

स्प्रिंगवाल्याने फोनवर विचारलं होतं, वजन?
मी म्हटलं, अठ्ठावन्न.
तो म्हणाला, बाई, लेदर, बूट, हेल्मेट धरून.
मग सगळं अंगावर चढवून
बाथरूममधल्या काट्यावर उभी राहिले.
एकाहत्तर.
लग्न ठरतानाही इतकं खरं कुणाला सांगितलं नव्हतं.

जुन्या स्प्रिंगा नेव्हिलच्या मापाच्या.
तेव्हाचा तो: साडेनऊ स्टोन, केस कानांवर.
आता दोन्ही खुबे धातूचे,
टाकीवरून पाय टाकता येत नाही.
नव्या स्प्रिंगांशेजारी त्याच्या ठेवल्या,
बोटभर बसक्या निघाल्या.

मागच्या मोसमात ही गाडी
ब्रेक दाबला की नाक घासून माफी मागायची,
प्रत्येक वळणावर, न केलेल्या गुन्ह्याची.
ओळखते मी ही सवय.
सोळा वर्षं इस्पितळाची दारं
सॉरी म्हणत उघडते आहे.
नमावं, पण किती, आणि किती हळू,
आणि परत वर येताना उसळू नये,
एवढंच तर शास्त्र आहे सगळं.

नियम असा की बाहेरून त्या काळचं दिसायला हवं.
आत काय आहे, कोणी बघत नाही.

नव्या व्हॉल्वसाठी आतल्या दांड्याला
भोकं पाडायची, सहा, आठ-आठ मिलिमीटरची.
एकदा पाडलं की पाडलं.
नेव्हिलने दांडा व्हाइसमध्ये आवळला,
पेन्सिलने खुणा केल्या,
ड्रिल उचललं, खाली ठेवलं,
चष्मा पुसला.
मग ड्रिल माझ्या हातात दिलं आणि बाहेर जाऊन
रिकाम्या रस्त्याकडे बघत उभा राहिला.
सहाव्या भोकाची धार मी कानशीने मारत होते
तेव्हा आत आला.
"ह्या दांड्यावर मी एक्क्याऐंशीत तिसरा आलो होतो.
पावसात."
"किती जण होते?"
"पाच. दोघं पडले."

तेल मी कामावरून आणलेल्या सिरिंजने मोजलं,
काठापासून एकशेचाळीस, दोन्हीकडे सारखं.
वरून पांढऱ्या पाइपचे दोन तुकडे,
सिंक दुरुस्त करताना उरलेले.

एप्रिल, कॅडवेल पार्क.
झाडीतून रस्ता एकदम वर चढतो,
त्याला इथे डोंगर म्हणतात. आहे टेकाडच,
पण पुढचं चाक जमीन सोडतं.
गेल्या वर्षी परत टेकताना
हँडल हातात वळवळायचं, मी डोळे मिटायचे.
यंदा टेकलं. दबलं. थांबलं.
बोलता बोलता पायरी उतरावी
आणि वाक्य तुटू नये, तसं.

मी अकरावी आले.
नेव्हिलने ते विचारलंच नाही.
काठीवर भार देऊन, कण्हत,
ओल्या गवतात एक गुडघा टेकवला
आणि नळीवरची काळी झिप टाय कुठवर सरकलीय
ते पट्टीने मोजलं.
"बारा मिलिमीटर शिल्लक."
"कशासाठी ठेवायचे?"
तो काही बोलला नाही. हात वर केला, उठवायला.
मी ओढलं.
आला वर, सावकाश,
मध्ये एकदा थांबून.