एक आडवी रेघ

तिसऱ्या वर्षाला कळलं
की दुखण्यालाही रकाने असतात.
वेळ, निरीक्षण, केलेली शुश्रूषा, सही.
तिसऱ्या रकान्यात माझं अक्षर सुरेख येतं,
डोंगरे मॅडम वही वर्गात फिरवतात.
‘रुग्णास मानसिक आधार दिला.’
हे वाक्य पहिल्या वर्षी
मी तासभर खाटेशी बसून मग लिहायचे.
आता आधी लिहिते.
सकाळी साडेसातला, हँडओव्हर चालू असताना,
अकरा नंबर ते अठरा नंबर, एका दमात,
फक्त वेळेची जागा कोरी सोडून.

कुणी दगड म्हणेल, म्हणो.
दगडाला रात्रपाळी नसते.
पहिल्या वर्षी बर्न्स वॉर्डात एक मूल गेलं
तेव्हा मेसमधली उसळ तशीच टाकून उठले होते,
हॉस्टेलच्या गच्चीवरून
पुणे स्टेशनकडे वळणाऱ्या बसचे दिवे मोजत बसले होते.
परवा एका पाळीत दोघं गेले.
मी दुसरी पोळी मागून घेतली.
लिंबाची फोडही.

सतरा नंबरला नथू भालेघरे होते.
मार्केट यार्डात हमाल, चाळीस वर्षं.
स्पंजिंग करताना दिसायची
पाठीवरची पोत्याची जागा, अजून सपाट.
लिव्हर गेलेलं, पोट ढोलासारखं,
आणि दर दोन तासांनी एकच प्रश्न:
‘ताई, आज कांदा काय भावानं गेला?’
पहिल्या आठवड्यात मी खरंच विचारून आले होते
गेटबाहेरच्या भजीवाल्याला.
मग म्हणायला लागले, बघते हं काका.
‘बघते हं’ हे आमचं सलाईन,
थेंबथेंब, सगळ्यांना, एकाच बाटलीतून.

बुधवारी चारनंतर वेळा भरायला बसले.
सतरा नंबर, सव्वाचार, मानसिक आधार दिला.
मान वर केली तर चादर काढलेली,
मावशी रेक्झिनवरून फिनाईलचा बोळा फिरवत होत्या.
तीन चाळीसला गेले, म्हणाल्या.
तुम्ही इथंच होतात की.

इथंच होते. पाच पावलांवर.
माझं अक्षर सुरेख येत होतं.

परेरा सिस्टरनी वही ओढून घेतली.
ओरडा खायची जागा मी पोटात करून ठेवली होती,
ती तशीच राहिली.
व्हाइटनर नाही लावायचा, म्हणाल्या.
एकच आडवी रेघ. खालचं वाचता आलं पाहिजे.
वर वेळ घाल. बाजूला सही.
मग चष्मा पदराला पुसत,
‘माझ्याकडे अशा बऱ्याच आहेत.’
रेघा की माणसं, मी विचारलं नाही.

सही करताना हात अडला.
यमुना तडवी, आणि पुढे एस. एन.,
म्हणजे अजून शिकतेय.
धडगावच्या स्टँडवर बापानं मात्र
कंडक्टरलासुद्धा सांगितलं होतं, पोरगी सिस्टर झाली.
झाले नव्हते. होणार होते.
आता वाटतं, होता होता
मधलंच काहीतरी संपलं,
स्टोअरमधून मागवायचं राहून गेलं.

रात्री आईचा फोन. अंगात कणकण आहे, म्हणाली.
कधीपासून? थंडी वाजते? लघवीला जळजळ?
ती जरा वेळ गप्पच.
मग म्हणाली, ‘यमे, कितव्या खाटेशी बोलतेस?’

गुरुवारी गेटवर भजीवाल्यानं आपणहून हाक मारली,
‘उतरला भाव. बावीस. सांगा तुमच्या काकांना.’
मी बरं म्हणाले.
बावीस हा आकडा घेऊन जिना चढले,
कुठं ठेवावा कळेना.
सतराला आता डेंग्यूचा एक पोरगा आहे,
मोबाइल छातीवर ठेवून झोपलेला, तोंड उघडं.
हँडओव्हर सुरू झाला. पेनाचं टोपण काढलं.
अकरा. बारा. तेरा.
तिसरा रकाना कोरा ठेवला,
म्हणजे आज तरी,
दहा वाजेपर्यंत तरी.