बोट लागली का?

गंगावेशीत, दूधकट्ट्यावर,
धारोष्ण ग्लास पुढं सरकवत धोंडीमामा विचारतो,
"काय कॅप्टन, लागली का बोट?"
मिशीवरचा फेस पुसत मी म्हणतो, लागंल की.

हेच न्हाव्याच्या खुर्चीत. हेच बारशात.
एका मयतीला तर खांदा बदलताना
पलीकडचा हळूच कानात: "बोट?"

मराठीत बोट लागते म्हणजे
पोटात ढवळतं, उलटी येते, डोकं गरगरतं.
तसं म्हणाल तर मला लागली आहे,
न चढताच, गेली दोन वर्षं.

समुद्र इथून घाट उतरून तीन तास.
आमच्या घरानं तो एकदाच पाहिला, गणपतीपुळ्याला,
गुडघाभर, पायजमा वर धरून.
आणि माझ्या कपाटात
पिशवीत गुंडाळलेला पांढरा युनिफॉर्म,
सीडीसीचं कोरं पुस्तक, एकही शिक्का नाही,
आग विझवायचं सर्टिफिकेट,
बुडत्याला ओढायचं सर्टिफिकेट,
आणि डोळे, कान, काळीज ठणठणीत असल्याचा दाखला.
त्याची मुदत गेल्या मंगळवारी संपली.
म्हणजे मंगळवारपासून मी ठणठणीत नाही.

कंपनी विचारते, समुद्रावरचा अनुभव?
मी म्हणतो, बोट द्या, घेतो.
कंपनी म्हणते, बोट अनुभवींना.
आक्काला हे समजावलं
तर ती भाकरी थापता थापता म्हणाली,
वेड गेल्याशिवाय लग्न नाही
आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही,
ह्यात इंग्रजीचं काय एवढं?

रात्रीच्या गाडीनं बेलापूरला गेलो, नऊ वेळा.
तिसरा मजला, काचेच्या टाकीत दोन मासे,
भिंतीवर जहाजाचं कॅलेंडर, मागच्या सालचं.
खुर्चीतला माणूस फायलीकडं न बघता म्हणाला,
चार लाख. पगार डॉलरमध्ये. झेंडा कुठला ते विचारायचं नाही.
पावती?
तो हसला. मासे फिरत राहिले.

इचलकरंजीच्या अन्वर जमादारानं दिले चार लाख.
हॉस्टेलात माझ्याच खाटेच्या वर झोपायचा.
कुठल्याशा बंदराबाहेर त्याचं जहाज नांगरून पडलंय,
मालक फोन उचलत नाही.
परवा त्याचा आवाज आला, अकरा सेकंदांचा:
"विश्वंभर, पाणी मोजून पितोय लेका.
घरात सांगू नको."
मी त्याच्या अम्मीला ईदला भेटलो.
नाही सांगितलं.
शीरखुर्मा खाल्ला, दोन वाट्या.

मोबाईलवर एक नकाशा आहे,
त्यात जगातली सगळी जहाजं ठिपके होऊन सरकतात.
रात्री बघत बसतो. एवढी आहेत.
एवढी आहेत आणि.

आता सकाळी उद्यमनगरात जातो, बापाच्या शेडमध्ये.
बॉयलर सूट एकदाचा वापरात आला,
खिशावरचं कॉलेजचं नाव आक्कानं उसवून दिलं,
दोऱ्याची भोकं तेवढी राहिलीत.

बापाच्या डाव्या हाताचं पहिलं बोट अर्धं आहे.
मी चौथीत असताना लेथवर गेलं.
दवाखान्यातनं येताना जिलेबी आणली होती त्यानं.
अख्ख्या कोल्हापुरात तो एकटाच मला
बोटीचं विचारत नाही.

काल पंपाचे बारा शाफ्ट खोक्यात भरले.
वरती चिठ्ठी चिकटवायची होती. इंग्रजी, म्हणून माझ्याकडं.
मरीन ग्रेड. कोचीचा पत्ता.
"बोटीत जात्यात हे?"
"व्हय."
बाप जरा वेळ अर्ध्या बोटानं
एका शाफ्टवरची कूस चाचपत राहिला,
नसलेली.
मग म्हणाला,
"आत लांब, किनारा दिसत नाही तिथं,
पाण्याचा रंग कसा असतो रं?"

चार वर्षं शिकलो. भरती, ओहोटी, तारे, वारे.
म्हटलं, ठाऊक नाही.

"बरं," म्हणाला, "आल्यावर सांग,"
आणि लेथ चालू केला,
त्यामुळं पुढं काही म्हणाला असेल
तर मला ऐकू आलं नाही.