एका पानाला एक बादली

मामानं हॅम्बुर्गहून संगणक आणला, जुन्या रजईत गुंडाळून,
सोबत एकशे साठ पानांची पुस्तिका. जर्मनमधली.
आमच्या घरात जर्मन कुणालाच येत नव्हती;
वूच शहरात ज्यांना येत होती
ते तसं सांगत नसत.

तिसऱ्या मजल्यावरच्या स्तेफानियाबाई म्हणाल्या, मला येते.
कशी, ते मी विचारलं नाही. चौदा वर्षांचा होतो.
ठरलं: एका पानाला एक बादली कोळसा,
तळघरातून त्यांच्या शेगडीपर्यंत.

इस्त्रीच्या फळीवर पुस्तिका, पुस्तिकेवर भिंग,
त्या सांगायच्या, मी वहीत उतरवायचो.
पान नऊ: तारा कुठे जोडायच्या.
पान बारा: दोन अधिक दोन, उत्तर पडद्यावर.
रंगांचं प्रकरण गाळलं, आमचा टीव्ही काळापांढरा;
बादल्या मात्र त्यांनी त्याही मोजून घेतल्या.

पान एकतीसला थांबल्या.
‘बेफेल’, म्हणाल्या. हुकूम.
हा शब्द मला पाठ आहे.

एकोणीस वर्षांच्या होत्या तेव्हा, ब्रेमेनजवळ,
दारूगोळ्याच्या कारखान्यात, छातीवर ‘पी’ शिवलेला.
हे मला पुष्कळ नंतर कळलं,
त्यांच्या भाचीकडून, दफनभूमीतून परतताना ट्राममध्ये.
त्या दिवशी एवढंच:
इथं लिहिलंय, प्रत्येक ओळ म्हणजे एक हुकूम.
कोण देतं?
मी म्हटलं, आपण.
त्यांनी भिंग पुसलं. पुसतच राहिल्या.

रविवारी खाली आल्या, टोपी न काढता बसल्या.
एका बोटानं तीन ओळी, वीस मिनिटं.
शेवटचा कंस राहिला.
पडद्यावर काहीतरी उमटलं. काय म्हणतंय?
चूक, मी सांगितलं.
दोन्ही हात पटकन मांडीवर.
आता?
आता काही नाही. थांबतं ते.
खाली एक चौकोन उघडमीट करत होता.
किती वेळ?
कितीही.

त्यांनी पुन्हा कंस गाळला.
या वेळी मुद्दाम.
मग आणखी एकदा, माझ्याकडे बघत.
वडील कामावरून आले तेव्हा
अख्खा पडदा चुकांनी भरलेला,
आणि टोपी टीव्हीवर ठेवलेली.

पान बत्तीसपासून त्यांनी बादल्या मोजणं सोडलं.
मी मोजत होतो.
मार्चमध्ये एकशे साठ भरल्या.
थंडी अजून होती.